युद्धकाळात किनाऱ्यावर हेलिकॉप्टर युनिट सांभाळताना

युद्धातील हेलिकॉप्टर युनिट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गोळीबारात उतरणारे यंत्र उभे राहते. प्रत्यक्षात युनिटप्रमुखाचा, म्हणजे सीओचा, बहुतेक दिवस पाणी, इंधन, झोप आणि सुटे भाग यांचा हिशेब करण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. पहिल्या दिवशी कोणतेही युनिट चांगलेच दिसते. विसाव्या दिवशी पहाटे किती यंत्रे उडण्याजोगी आहेत आणि किती वैमानिकांची झोप पुरी झाली आहे, यावरून त्या युनिटला प्रमुख होता की नाही हे कळते. माझी सारी नोकरी अशाच युनिटांत गेली आणि निवृत्तीनंतर मी रत्नागिरीजवळच्या गावी परतलो. ज्या तरुण अधिकाऱ्याचे युनिट देशावरच्या तळावरून उचलून ऐन युद्धात कोकणपट्टीवर आणले जाईल, त्याला डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

हुकूम आल्यावर

पहिला कागद इंजिनिअरिंग ऑफिसरकडून मागवावा. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुढच्या तपासणीला उड्डाणाचे किती तास उरले आहेत, त्याचा तो तक्ता असतो. मडक्यांच्या उतरंडीसारखे हे तास उतरत्या क्रमाने लागलेले असावेत. एका यंत्राचे नव्वद उरले असतील तर दुसऱ्याचे सत्तर, तिसऱ्याचे पन्नास. सगळ्यांचे तास सारखेच उरले असतील तर शांततेच्या काळात ते कोणाला खटकत नाही, पण युद्धात ती सगळी यंत्रे एकाच आठवड्यात तपासणीला बसतात आणि युनिट कागदावर राहते, आकाशात नाही. उतरंड बिघडलेली असेल तर निघण्यापूर्वीच वरिष्ठांना सांगून एखादे यंत्र मागे ठेवावे. सहा यंत्रे नेऊन चार उडवण्यापेक्षा पाच नेऊन पाचही उडवलेली बरी.

दुसरी गोष्ट क्रू-रूममधल्या फलकाची. आपल्याकडे फलकावर यंत्रापुढे ‘सर्व्हिसेबल’ किंवा ‘अनसर्व्हिसेबल’ एवढेच लिहिण्याची सवय असते. युद्धात ते पुरत नाही, कारण उडू शकणारे यंत्र त्या दिवसाच्या कामाला लायक असेलच असे नाही. 28 मे 1999 रोजी कारगिलमध्ये तोलोलिंग परिसरात आपले एक एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातील चारही जण गेले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर्स त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. म्हणून फलकावर फ्लेअर्स, रात्रीची उपकरणे, होइस्ट (माणसाला दोरीने वर ओढणारे यंत्र), लाइफ राफ्ट (पाण्यात फुगवायचा तराफा) आणि आयएफएफ (यंत्र आपलेच आहे हे रडारला कळवणारे उपकरण) यांचे वेगवेगळे रकाने करावेत, आणि कामाची वाटणी करणाऱ्याने ते रकाने वाचूनच यंत्राचा नंबर लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे. ते फ्लाइट कमांडरवर, म्हणजे रोजची उड्डाणे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यावर, सोडावे, मात्र रोज संध्याकाळी एकदा स्वतः फलकापुढे उभे राहावे.

उतरण्याची जागा

कोकणात सपाट जागा म्हणजे सडा. जांभ्या दगडाचे हे उघडे माळ हेलिकॉप्टरसाठी देवाने घडवून ठेवल्यासारखे दिसतात आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. मे महिन्यात जांभ्याची तांबडी भुकटी इतकी बारीक झालेली असते, की एमआय-17 जमिनीपासून पंधरा-वीस मीटरांवर आले की तिचा लोट उठतो आणि शेवटच्या काही सेकंदांत वैमानिकाला खालचे काहीच दिसत नाही. अशा जागी आधी टँकरने पाणी मारून घ्यावे, किंवा निदान उतरण्याच्या रेषेत मोठे पांढरे दगड मांडून ठेवावेत, म्हणजे धुरळ्यातही नजरेला काही तरी धरता येते. पावसाळ्यात तोच सडा शेवाळाने इतका निसरडा होतो, की तिरक्या कातळावर चाक सरकते. पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत वाढते आणि त्याखाली चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीचा खड्डा दडलेला असू शकतो. त्यामुळे एकही जागा नुसती नकाशावरून किंवा वरून पाहून मंजूर करू नये. माणूस पाठवून ती पायांनी फिरून घ्यावी, आणि तो माणूस ती जागा आयुष्यभर पाहिलेला गुराखी असेल तर उत्तम.

एमआय-17च्या मुख्य पंख्याचा व्यास 21 मीटरांहून अधिक असतो आणि जड यंत्राखालचा वारा कौले उचलतो, पत्रे उपसतो, आंब्याच्या पेट्या भिरकावतो. घरांपासूनचे अंतर केवळ गावकऱ्यांच्या सोयीसाठी राखायचे नसते. उडालेला पत्रा शेपटाच्या पंख्यात गेला तर यंत्र आणि माणसे दोन्ही जातात. सुकट वाळत घातलेल्या पुळणीपासूनही दूर राहावे. तिथे घारी आणि कावळे दिवसभर घिरट्या घालतात, आणि युद्ध चालू आहे म्हणून त्यांनी जागा सोडल्याचे मी पाहिलेले नाही.

सगळी यंत्रे एकाच सड्यावर ओळीने उभी करण्याचा मोह टाळावा. ती दोन-दोन करून वेगवेगळ्या सड्यांवर पांगवावीत, इंधनाचा साठाही एके ठिकाणी नसावा. पांगवण्याची किंमत मोठी असते: पहारा वाढतो, तंत्रज्ञांची पळापळ वाढते, एक नट आणायला जीप चाळीस मिनिटे धावते. ही तक्रार दुसऱ्याच दिवशी तुमच्या कानांवर येईल. तिचे समाधान अधिक वाहने मागून करावे, यंत्रे एकत्र आणून करू नये.

मीठ

देशावरच्या युनिटला कोकणात पहिला मार शत्रूकडून बसत नाही, तो मिठाकडून बसतो. पहाटे उजाडताना यंत्रापाशी जाऊन इंजिनाच्या झाकणावरून बोट फिरवावे आणि जिभेला लावून पाहावे. समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत असलेल्या सड्यावरही ते खारट लागते. हेच मीठ कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर बसले की इंजिनाची ताकद हळूहळू उतरते, इतकी हळू की रोज उडवणाऱ्या वैमानिकाला ती जाणवत नाही, आणि मग भरलेले यंत्र एके दुपारी खाडीवर उठतच नाही. उपाय साधा आहे. समुद्रावरून खालच्या उंचीने उडालेल्या प्रत्येक यंत्राचे इंजिन त्याच दिवशी गोड्या, शक्यतो क्षार काढलेल्या पाण्याने धुवायचे आणि पंखे, बिजागऱ्या, विजेचे सांधे पुसून त्यांना संरक्षक लेप द्यायचा. त्या-त्या यंत्राची पुस्तिका सांगेल तो क्रम पाळावा.

अडचण पाण्याची आहे. माझ्या एका डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तळापासून दूर पाठवलेल्या तुकडीत, आम्ही आठवडाभर शेजारच्या विहिरीच्या पाण्याने इमानेइतबारे धुलाई केली, आणि तरी सांध्यांवर बुरशीसारखा पांढरा गंज चढत राहिला. शेवटी स्वयंपाक्याने सांगितले, की त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, हे मला, कोकणात जन्मलेल्या माणसाला, आठवायला हवे होते. आम्ही मीठ मिठाने धूत होतो. तेव्हापासून पाण्याची तपासणी झाल्याखेरीज मी एकही पाइप यंत्राला लावू दिला नाही. पाण्याचा टँकर आतल्या गावातून, घाटाच्या पायथ्याकडून येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. धुलाईला वेळ नाही, असे जो फ्लाइट कमांडर सांगेल त्याला चौथ्या आठवड्यात उडवायला इंजिने उरणार नाहीत.

समुद्र, घाट आणि वारा

कोकणपट्टी म्हणजे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सुमारे हजार मीटर उंचीची भिंत आणि मधली अरुंद चिंचोळी जागा. येथील वैमानिकाला दोन्हींची भीती वाटली पाहिजे, आणि ती कमी होऊ न देणे हे प्रमुखाचे काम आहे.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. म्हणजे सकाळी ज्या दिशेने उतरणे योग्य होते तीच दिशा दुपारी पाठीवर वारा घेऊन उतरण्याची ठरते, आणि जड यंत्रासाठी पाठीवरचा वारा घातक असतो. दोन वाऱ्यांच्या मधला, हवा पडलेला तास सर्वांत फसवा. वारा नाही, हवा उष्ण आणि दमट आहे, आणि एका जागी तरंगायला नेहमीपेक्षा अधिक ताकद लागते. प्रत्येक सड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा हवाच. उचलायच्या वजनाचा तक्ता त्या दिवसाच्या तापमानावर रोज दोनदा नव्याने काढावा. हिवाळ्यात देशावर काढलेला तक्ता येथे सरळ खोटे बोलतो.

पावसाळ्यात आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट ओलांडून देशावर जाण्याचे काम येईल तेव्हा ढगाखालून दरीत शिरण्यास स्पष्ट मनाई करावी. दरी वर अरुंद होत जाते, ढग खाली येतो आणि वळायला जागा उरत नाही. निघण्यापूर्वी नकाशावर एक ठिकाण ठरवावे. तेथून घाटमाथा दिसला नाही तर परत फिरायचे, रेडिओवर विचारायचेही नाही. पोफळीच्या वीजनिर्मिती केंद्राच्या परिसरात आणि खाड्यांवरून ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या तारांचा वेगळा नकाशा करून तो प्रत्येक कॉकपिटमध्ये ठेवावा. तारा पाहून चुकवण्याची आशा धरू नये; खांब शोधावेत आणि खांबाच्या माथ्यावरूनच जावे.

अमावास्येच्या रात्री समुद्रावर क्षितिज नसते. मासेमारीच्या हंगामात होड्यांचे दिवे आणि आकाशातल्या चांदण्या यांतला फरक डोळ्यांना कळेनासा होतो, आणि चांगला, अनुभवी वैमानिकही यंत्र तिरपे करून ते सरळ असल्याची खात्री बाळगतो. पाण्यावर रात्री एका वैमानिकाची नजर सतत उपकरणांवर, विशेषतः पाण्यापासूनची उंची दाखवणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर असलीच पाहिजे. यंत्र पाण्यात गेले तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन वर असल्यामुळे ते लगेच उलटे होते. म्हणून लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचे, आत कधीही नाही. फुगवलेले जॅकेट माणसाला आतल्या आत वर, म्हणजे उलट्या यंत्राच्या तळाशी, चिकटवून ठेवते. यातून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण कोचीच्या नौदल तळावर मिळते. युनिट किनाऱ्यावर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी जितके जण पाठवता येतील तितके आधी पाठवून घ्यावेत.

कोणते काम घ्यायचे

हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, पहाटे धक्क्यावर उभा राहून पाण्याकडे पाहतो आणि एखाद्या दिवशी इंजिन सुरूच करत नाही. होडीचा मालक कितीही कुरकुरला तरी समुद्रात न्यायचे की नाही, हे तांडेलच ठरवतो. सीओने आपला अधिकार असाच समजावा. वरच्या मुख्यालयातून मागण्या येत राहतात आणि त्या मागणाऱ्याला यंत्रांची संख्या दिसते, त्यांची अवस्था दिसत नाही. नकार द्यायचा तर लवकर द्यावा, वेळेसह लिहून द्यावा, आणि त्याच्या जोडीला काय शक्य आहे ते सांगावे: ‘आज रात्री नाही, पहाटे साडेपाचला दोन यंत्रे, अर्ध्या वजनाने.’ नुसते ‘नाही’ ऐकले की मुख्यालय दुसऱ्या युनिटला फोन करते, आणि ते युनिट कदाचित तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत असते.

जखमींना आणण्याच्या कामाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे प्रमुख अधिक धोका पत्करतो आणि त्याने तो पत्करावा. मात्र हवामान पाहून जायचे की नाही हे ठरेपर्यंत जखमी कोण आहे आणि त्याची अवस्था कशी आहे, हे वैमानिकाला सांगू नये. एकोणीस वर्षांच्या मुलाचा पाय गेला आहे, हे ऐकल्यावर ढग उंच दिसू लागतात. मला दिसले आहेत.

सैनिक उतरवण्याच्या कामात फेऱ्यांची आखणी अशी करावी, की पुढची फेरी आलीच नाही तरी आधी उतरलेली माणसे लढू शकतील. ऑक्टोबर 1987 मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर आपले सैनिक रात्री हेलिकॉप्टरने उतरवले गेले. तीव्र गोळीबारात हेलिकॉप्टरांचे नुकसान झाले, पुढच्या फेऱ्या होऊ शकल्या नाहीत आणि 13 शीख लाइट इन्फंट्रीच्या उतरलेल्या 30 जवानांपैकी एकच जिवंत राहिला. दारूगोळा, रेडिओ आणि पाणी माणसांबरोबर त्याच यंत्रात जायला हवे, दुसऱ्या फेरीच्या भरवशावर मागे राहू नये. वजन वाढते म्हणून कोणी तक्रार करील. त्याला माणसे कमी करायला सांगावे, दारूगोळा नव्हे.

प्रमुखाने स्वतः किती उडावे, हा नेहमीचा वादाचा प्रश्न आहे. डिसेंबर 1971 च्या बांगलादेश युद्धात सिल्हेट येथे आणि मेघना नदीवर एमआय-4 हेलिकॉप्टरांनी सैन्य नदीपार नेले, तेव्हा ग्रुप कॅप्टन चंदन सिंग स्वतः शत्रूच्या प्रदेशावर वारंवार गेले आणि त्यांना महावीरचक्र मिळाले. माझ्या मते नव्या मार्गावरची पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, आणि अपघातानंतरची पहिली सॉर्टी प्रमुखाची. त्याखेरीज रोज उडणारा प्रमुख दमतो, आणि दमलेल्या माणसाने इतरांची झोप मोजू नये.

जागेचे नाव हा कोकणातला खास धोका आहे. मधलीवाडी, खालचीवाडी, बौद्धवाडी, कोंड ही नावे गावोगाव असतात. माझ्या एका वैमानिकाने रेडिओवर ऐकलेल्या वाडीवर यंत्र नेले. नाव बरोबर होते, गाव तीन खाड्या सोडून पलीकडचे होते. जागा नेहमी नकाशावरच्या ग्रिडच्या आकड्यांत, एकेक अंक सुटा वाचून द्यावी-घ्यावी. नाव केवळ पडताळ्यासाठी.

आपल्याच तोफांपासून

27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपले एमआय-17 व्ही5 आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. सहा वायुसैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये वायुसेनाप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. किनाऱ्यावर हा धोका दुप्पट समजावा. समुद्रावरून खालच्या उंचीने परत येणारे हेलिकॉप्टर रडारवर घुसखोरासारखेच दिसते, आणि पाहणारे डोळे नौदलाचे, तटरक्षक दलाचे, वायुसेनेचे आणि लष्कराच्या हवाई संरक्षणाचे असे चार ठिकाणी विखुरलेले असतात. परतीचे मार्ग, उंची आणि वेळ या चौघांना रोज नव्याने कळवावी आणि त्यांच्याकडून पोच घ्यावी. संपर्क अधिकारी म्हणून कनिष्ठ नव्हे, तर चांगला वैमानिक बसवावा. तुमचा सर्वांत उपयोगी माणूस तिथे अडकला म्हणून फ्लाइट कमांडर नाराज होईल. होऊ द्यावा. किनारा ओलांडण्यापूर्वी आयएफएफ चालू असल्याचे दोघा वैमानिकांनी एकमेकांना बोलून सांगायचे, हा नियम तोंडी परीक्षेसारखा पाठ करून घ्यावा.

माणसे

रात्री उडालेल्या क्रूला सकाळच्या अलर्टवर बसवू नये. तंत्रज्ञांच्या झोपेचा वेगळा तक्ता ठेवावा. वैमानिकांची झोप सगळे मोजतात, मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात पिन लावणाऱ्या कॉर्पोरलची कोणी मोजत नाही. चूक झाली असे जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला शिक्षा होणार नाही, हे पहिल्या दिवशी सर्वांसमोर सांगावे, आणि पहिला माणूस खरोखर सांगायला येईल तेव्हा शब्द पाळावा. माझ्याकडे एक तंत्रज्ञ पहाटे तीनला येऊन म्हणाला, “सर, हत्यारपेटीतला एक पाना कमी आहे.” चार यंत्रे जमिनीवर ठेवून आम्ही तो साडेपाचला एका गिअरबॉक्सच्या झाकणाखाली शोधून काढला. सकाळची दोन कामे चुकली. त्याला मी चहा पाजला आणि ही गोष्ट सगळ्या युनिटला सांगितली.

गावाशी संबंध सरपंच आणि पोलीस पाटील यांच्यामार्फत पहिल्या संध्याकाळीच जोडावेत. अंधारबंदीत कोणता दिवा चालू दिसतो, कोणती अनोळखी होडी खाडीत आली, हे त्यांना आधी कळते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत समुद्र रिकामा असतो, तेव्हा दिसलेली प्रत्येक होडी विचारण्याजोगी असते. पडलेल्या क्रूला पाण्यातून काढायची वेळ आली तर बहुधा पहिला पोहोचणारा हात कोळ्याचाच असेल.

युनिटमधला कोणी गेला तर त्याच्या घरी बातमी फोनवरून उडत पोहोचण्याआधी अधिकृत माणूस दारात उभा राहिला पाहिजे. तोपर्यंत तळावरचे सर्व खासगी फोन बंद ठेवावेत. पत्र प्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहावे, रात्रीच लिहावे. दुसऱ्या दिवशी उड्डाणे बंद ठेवू नयेत, मात्र त्या माणसाच्या जवळच्या मित्राला एक दिवस जमिनीवरचे काम द्यावे, त्याने मागितले नाही तरी.

परत जाताना

माघारीचा हुकूम आला की सगळ्यांना घाई होते. शेवटचे यंत्र सुद्धा धुवूनच निघावे. मीठ देशावर बरोबर गेले तर पुढच्या महिन्यात तिथे काम करते. उडालेली कौले, मोडलेली कलमे आणि दगावलेली जनावरे यांची यादी गावाच्या सहीने निघण्यापूर्वी पुरी करावी, कारण युनिट गेल्यावर त्या कागदांना वाली राहत नाही. उतरण्याची खूण म्हणून सड्यावर काढलेला चुन्याचा ‘एच’ खरवडून काढावा, पांढरे दगड उचलावेत, आणि हत्यारपेट्या शेवटच्या एकदा मोजून घ्याव्यात.